जुनं पार्कर ५१ ऑनलाइन घेताना काय तपासावं? (आणि दोन जुनी पेनं विकायचीही आहेत)

निळीशाई

नमस्कार मंडळी. एका पेन-गटात पार्कर ५१ हे जुनं फाउंटन पेन विक्रीला आलंय. जाहिरात जशीच्या तशी देतो:

"पार्कर ५१ एरोमेट्रिक, मेड इन इंग्लंड, दुर्मिळ प्लम रंग, रोल्ड गोल्ड टोपण, फुल्ली रिस्टोर्ड, मिडियम निब, लिहायला एकदम मख्खन. ८५०० रुपये, शिपिंग वेगळं. फक्त यूपीआय. नो रिटर्न."

फोटो चार आहेत: टोपण लावलेलं पेन, टोपण काढलेलं पेन, वरून काढलेला निबचा फोटो आणि निळ्या शाईत लिहिलेल्या दोन ओळी. सगळे पिवळ्या दिव्याखाली. विक्रेत्याचं खातं सहा वर्षं जुनं, पण गटात आधीचा सौदा एकच सापडला.

प्रश्न असे. आणखी कोणते फोटो मागू? भाव बरोबर आहे का? पैसे कसे द्यावेत?

शिवाय माझ्याकडची दोन विकायची आहेत. एक पार्कर ५१ व्हॅक्युमॅटिक, मेड इन यू.एस.ए., त्या अक्षरांशेजारी ४ हा आकडा आणि एक ठिपका. शाई ओढत नाही. दुसरं काळ्या एबोनाइटचं (कडक रबराचं) आयड्रॉपर (ड्रॉपरने शाई थेट आत भरायचं पेन), त्यावर कुणाचंच नाव नाही, रंग उडून शेवाळी-तपकिरी झालंय. दुरुस्त करून विकावीत की आहेत तशी?

बोरूबहाद्दर

हे पेन कुठे कुठे बिघडतं ते आधी बघू, म्हणजे कोणते फोटो मागायचे ते आपोआप कळेल.

५१ बाजारात आलं १९४१ मध्ये. शाई भरायची पद्धत आधी व्हॅक्युमॅटिक (मागची दांडी दाबून), १९४८ पासून एरोमेट्रिक (आतली पिशवी दाबून). एरोमेट्रिकची बॅरल (पेनाचा मागचा पोकळ भाग) फिरवून काढली की आत धातूची नळी दिसते. नळीच्या खिडकीत दाबायची पट्टी असते आणि नळीवरच शाई भरायच्या सूचना कोरलेल्या असतात. आतली शाईची पिशवी रबराची नाही, पीव्हीसीची. पार्करने तिला 'प्लाय-ग्लास' नाव दिलं होतं. रबरी पिशवी दहा-वीस वर्षांत चिकट होते नाहीतर कडक होऊन फुटते, ही मात्र सत्तर वर्षांनीही बहुधा शाबूत असते. तपकिरी पडली तरी हरकत नाही, दाबल्यावर मऊ लागली आणि लगेच फुगली की झालं.

म्हणून 'फुल्ली रिस्टोर्ड' वाचून पहिला प्रश्न विचारा: नेमकं काय केलं? धुऊन साफ केलं असेल तर त्याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत. "पिशवी बदलली" असं उत्तर आलं तर कशाची घातली ते विचारा. साधी रबरी घातली असेल तर हे पेन आता दुसऱ्या कुठल्याही रबरी पिशवीच्या पेनासारखं झालं, आणि भाव त्या मानाने उतरला पाहिजे.

आता मागायचे फोटो.

बॅरल काढून नळीचा फोटो. कोरलेली अक्षरं वाचता आली पाहिजेत. नकली ५१ बहुतेकदा इथेच पकडलं जातं, कारण बाहेरून नक्कल सोपी, आतली नळी तशी करायची कुणी तसदी घेत नाही. अक्षरं नसलेली पातळ पत्र्याची नळी दिसली की विषय संपला. आत कन्व्हर्टर (शाई ओढायचा सुटा पंप) दिसला आणि टोपण आटे फिरवून लागत असेल तर ते २०२१ साली नव्याने काढलेलं ५१ आहे. मूळ ५१ चं टोपण सरळ सरकवून बसतं.

बॅरलवरच्या कोरीव अक्षरांचा फोटो, उजेड तिरका पाडून. अक्षरं अर्धवट पुसलेली असतील तर कुणीतरी ओरखडे काढायला पेन जोरात पॉलिश केलंय. चकाकी आली, पण ओळख गेली. संग्राहक अशा पेनाला हात लावत नाहीत.

हूडच्या, म्हणजे निबवरच्या आवरणाच्या, ओठाचा जवळून फोटो, वरून आणि खालून. केसासारखे तडे ओठापासून मागे जातात, ते वरून दिसत नाहीत. हूड आणि बॅरल यांच्या रंगाची छटा एकच आहे का तेही बघा. वेगळी असेल तर दोन पेनांचं मिळून एक केलेलं आहे. चालवायला काही वाईट नाही, पण तसं सांगून विकायला हवं.

निबच्या टोकाचा फोटो समोरून आणि बाजूने. तुमच्याकडे आलेला वरचा फोटो निरुपयोगी आहे, कारण ५१ मध्ये वरून निबचं जेमतेम टोकच दिसतं. समोरून दोन्ही फाळ एका पातळीत हवेत. बाजूने टोकाचा मणी गोल हवा. खालून सपाट घासला असेल तर आधीच्या मालकाच्या हाताच्या कोनातच ते मख्खन चालेल, तुमच्या हातात खरखरेल. साध्या मोबाइलला हे जमत नसेल तर दहा पटीच्या भिंगातून काढायला सांगा.

टोपणाच्या कडेचा फोटो. रोल्ड गोल्ड (पितळेवर चढवलेला सोन्याचा पातळ थर) आधी कडेला झिजतं, खालचं पितळ तांबूस-पिवळं दिसू लागतं. टोपणावरचे पोचे सरळ प्रकाशात लपतात, टोपण गोल फिरवत व्हिडिओ मागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याची चाचणी, एका सलग व्हिडिओत. पेन रिकामं, काचेच्या ग्लासात साधं पाणी, निबसकट हूडचा पुढचा दीडेक सेंटिमीटर भाग बुडालेला. पट्टी दाबायची, सोडायची, दोन सेकंद थांबायचं, परत. पहिल्या दाबांना बुडबुडे येतील, चौथ्या ते सहाव्या दाबानंतर थांबले पाहिजेत. मग पेन पुसून टिश्यूवर निब खाली करून ग्लासात रात्रभर उभं. सकाळी टिश्यूवर निबखाली छोटा डाग चालेल, पण क्लचच्या कड्यापाशी (हूड आणि बॅरल यांच्यामधलं कडं) ओल दिसली तर हूड नीट सील झालेलं नाही.

लिहिलेल्या दोन ओळींवर विश्वास ठेवू नका. निब शाईत बुडवूनही दोन ओळी लिहिता येतात. पिशवी भरून पानभर इंग्रजी आठाचे (8) आकडे काढलेले हवेत.

शाईचा_डाग

बोरूबहाद्दरांशी सहमत. रंगाबद्दल भर घालतो, कारण ८५०० मधले निदान दोन-अडीच हजार त्या 'प्लम' शब्दाचे आहेत.

प्लम हा १९४८ च्या सुमाराला अमेरिकेत थोडाच काळ निघालेला रंग. इंग्लंडच्या पेनावर प्लम लिहिलेलं दिसलं की शंका घ्यावी. तिथलं सर्रास आढळणारं लाल म्हणजे बर्गंडी, आणि पिवळ्या दिव्याखाली बर्गंडी अगदी प्लमसारखं दिसतं. ही नेहमीची गंमत आहे, दरवेळी कुणी मुद्दाम करतं असंही नाही. पेन पांढऱ्या कागदावर ठेवून, खिडकीपाशी, दिवा बंद करून फोटो मागा. बर्गंडी तांबडं-तपकिरी दिसतं, प्लममध्ये जांभळट झाक स्पष्ट असते. शेजारी पांढरा कागद नसेल तर फोटोतल्या रंगाला काही अर्थ नाही, कॅमेरा स्वतःच रंग बदलतो.

भावाबद्दल: लोक किती मागतात ते बघू नका, कितीला विकलं गेलं ते बघा. ईबेवर 'सोल्ड आयटम्स'चा फिल्टर आहे. गटात जुने 'सोल्ड' झालेले धागे शोधा. त्यात पेन हेच, टोपण हेच (रोल्ड गोल्ड की लस्ट्रालॉय, म्हणजे मंद चमकेचं स्टील), देश हाच, असे पाच-सहा सौदे काढा आणि मधला भाव धरा. त्यातून कमी काय करायचं: टोपणावर पोचा, अक्षरं पुसट, निबचा मणी घासलेला. यांतल्या एकेकाला भावाचा दहावा-पंधरावा भाग तरी गेला पाहिजे. हूडला तडा असेल तर दुसऱ्या हूडची किंमत आणि मजुरी पूर्ण वजा.

'मिंट', 'एक्सलंट', 'यूजर ग्रेड' हे शब्द प्रत्येकाचे आपापले असतात. "ओरखडे बोटाला लागतात की फक्त डोळ्याला दिसतात?" असं विचारा, जास्त उपयोगी उत्तर मिळतं.

हिशेबी

पैशाचं सांगतो, बाकी जाणकार आहेतच.

यूपीआयने पैसे गेले की गेले. बटण दाबून परत मागता येत नाहीत आणि विक्रेत्याने पेन पाठवलं की नाही हे बँक बघत नाही. म्हणजे यूपीआय वाईट असं नाही, फक्त सगळा भरवसा माणसावर ठेवावा लागतो. त्यामुळे माणूस तपासा.

खातं सहा वर्षं जुनं असणं पुरेसं नाही. जुनी खाती हॅक करून विकतात. मागच्या वर्षभरातल्या पोस्ट वाचा. भाषा अचानक बदलली असेल, पेनाबद्दल एक शब्द नाही आणि एकदम चार महागडी पेनं विक्रीला, असं असेल तर थांबा. आधीचा जो एक सौदा सापडला त्या खरेदीदाराला तुम्ही स्वतः व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विक्रेत्याने पाठवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे.

मग त्याला एक चमत्कारिक फोटो मागा: तुमचं इथलं नाव आणि आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर पेन तिरकं, टोपण उलटं ठेवलेलं. रेडिटवरच्या पेनांच्या अदलाबदलीच्या गटात तारखेची चिठ्ठी सक्तीची आहे ती याचसाठी. जाहिरातीतले फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा, दुसऱ्या देशातल्या जुन्या जाहिरातीतले निघतात कधीकधी. पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल तर सगळ्यात बरा. पेन हातात असलेला माणूस त्याला नकार देत नाही.

'नो रिटर्न' मान्य करू नका. मधला मार्ग असा: पेन मिळाल्यापासून तीन दिवस, फक्त पाण्याने तपासणी, शाई भरायची नाही. जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे नसेल तरच परत, आणि परतीचं शिपिंग विक्रेत्याकडे. "आवडलं नाही" म्हणून परत नाही. पाण्याची अट दोघांच्याही भल्याची आहे. शाई भरली की पेन कुणी घाण केलं यावरून भांडण सुरू होतं. हे सगळं गप्पांत नको, एका मेसेजमध्ये स्पष्ट लिहून "मान्य" असं उत्तर घ्या.

पार्सल उघडताना पत्त्याच्या लेबलापासून सुरू करून सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. कॅश ऑन डिलिव्हरीने निर्धास्त होऊ नका. जुन्या व्ही.पी.सारखंच ते, आधी पैसे मग पाकीट उघडायचं. आत पेन आहे की खडू हे नंतर कळतं.

विकताना उलटा धोका असतो. "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बघून पार्सल द्यायचं नाही, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसले पाहिजेत. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

परदेशातून घेणार असाल तर पेपॅलमध्ये 'गुड्स अँड सर्व्हिसेस' निवडा. तक्रारीला १८० दिवस मिळतात. 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ला कसलंच संरक्षण नाही, विक्रेता फी वाचवायला तेच सुचवतो. भारतातल्या भारतात पेपॅल १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे. आणि पाकिटावर 'गिफ्ट' लिहून घेऊ नका. भेटवस्तूंवरची पाच हजारांपर्यंतची सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली (राखी आणि जीवनरक्षक औषधं सोडून). खरी किंमत लिहिलेलं बिल आत असू द्या, ड्यूटी धरूनच भाव ठरवा. किंमत कमी लिहिली आणि पेन हरवलं तर भरपाईही तेवढ्याचीच.

निळीशाई

बाप रे, वाखु (वाचनखूण) साठवली. सगळ्यांचे आभार. एक शंका: निब सोन्याची आहे की नाही हे बघायला हूड उघडून दाखवायला सांगू का?

बोरूबहाद्दर

नको. चालू पेनाचं हूड फक्त बघण्यासाठी उघडायचं नसतं. ते आट्यांवर लाखेने सील केलेलं असतं. हेअर ड्रायरने पेन फिरवत अर्धा-पाऊण मिनिट गरम करायचं, हाताला चटका बसेल न बसेल इतपत, आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून हाताने फिरवायचं. नाही हललं तर परत गरम करायचं, जोर नाही लावायचा. पक्कड लावली की तडा ठरलेला. उकळत्या पाण्यातही घालायचं नाही, हे अ‍ॅक्रिलिक आहे, जास्त तापलं की वाकतं. आणि स्पिरिटने तर पुसायचंही नाही, त्याने अ‍ॅक्रिलिकला बारीक बारीक चिरा पडतात. अनोळखी विक्रेत्याला हे करायला सांगणं म्हणजे स्वतःचंच पेन फोडून घेणं.

सोन्याचं म्हणाल तर नेहमीच्या ५१ ला १४ कॅरटची निब असते. '५१ स्पेशल'ला ऑक्टेनियम नावाच्या मिश्रधातूची, रंगाने स्टीलसारखी. दिसणारं टोक पांढरट असेल तर प्रश्न विचारा. पिवळं असेल आणि आतली नळी अस्सल असेल तर सोन्यासाठी हूड उघडायची गरज नाही.

जुनाबाजार_रविवार

विक्रीच्या दोन पेनांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

व्हॅक्युमॅटिक: ४ आणि एक ठिपका म्हणजे १९४४ सालची तिसरी तिमाही. पद्धत अशी की वर्षाच्या सुरुवातीला आकड्याभोवती तीन ठिपके, दर तिमाहीला एक कमी, शेवटच्या तिमाहीत एकही नाही. '१' दिसला तर १९४१ की १९५१ असा घोळ होतो, तो शाई भरायच्या यंत्रणेवरून सुटतो. १९५० च्या दशकात पुढे हा आकडा बंदच झाला. जाहिरातीत आकड्याचा फोटो अवश्य टाका, संग्राहक तो आधी शोधतात.

शाई ओढत नाही म्हणजे बहुधा आतला रबरी डायफ्रॅम (पडदा) गेला. खात्री करायला मागची छोटी टोपी काढा, निब पाण्यात धरून दांडी दहा वेळा दाबा-सोडा. बुडबुडा एकही नाही तर डायफ्रॅम फाटला. बुडबुडे येतात पण पाणी थोडंच भरतं, तर आतली हवेची बारीक नळी मोडलेली. त्या काळातली ती प्लास्टिकची, फार ठिसूळ झालेली असते.

डायफ्रॅम नवा मिळतो, ५१ ला 'डेब्यूटंट' मापाचा लागतो. पण यंत्रणा बाहेर काढायला त्या आट्यांना धरणारा खास पाना लागतो. पक्कडीने धरलं की आटे गेले. आणि जुन्या डायफ्रॅमच्या शेंड्यातली बारीक गोळी दांडीच्या वाटीत घट्ट अडकलेली असते, ती सुईने उकरून काढताना वाटीला तडा जातो. पहिलंच पेन असेल तर हात लावू नका. "न दुरुस्त केलेलं, डायफ्रॅम गेलेला, निब आणि हूड ठीक, बॅरलला तडा नाही" एवढं लिहून विका. दुरुस्ती करणारे असंच पेन शोधत असतात. अर्धवट खोललेल्या पेनाला ते सर्वांत कमी भाव देतात, कारण आत काय मोडून ठेवलंय ते कळत नाही.

धुवायचं तर निबची बाजू कोमट पाण्यात बुडवून ठेवा, अख्खं पेन नाही. मागच्या यंत्रणेत स्प्रिंग आहे, ती गंजते. शाई हटली नाही तर एक भाग घरगुती अमोनिया, नऊ भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. अर्ध्या तासाने साध्या पाण्याने भरपूर धुवा. हे मिश्रण एबोनाइटच्या जवळ नेऊ नका.

आता एबोनाइट. रबर आणि गंधक एकत्र भाजून ते करतात. उजेड आणि ओल लागली की पृष्ठभागावरच्या गंधकाचं ऑक्सिडेशन होतं आणि काळ्याचं शेवाळी-तपकिरी होतं. टोपण काढून आतल्या बाजूला झाकलेला भाग बघा. तो अजून काळाभोर असेल तर रंग वापराने-उजेडाने गेलाय आणि पेनाला कुणी छेडलेलं नाही. हा फरक दाखवणारा फोटो टाका, तो जमेची बाजू आहे. पाण्यात भिजत घालायचं नाही, एका रात्रीत अजून पिवळं पडतं. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा.

काळा रंग लावून विकणारे आहेत. पॉलिश पेपरने घासून वरचा थर काढणारेही आहेत. त्याने बॅरलवरची नक्षी जाते, आटे सैल होतात. मी म्हणेन काहीही करू नका. आणि नाव कोरलेलं नसताना अंदाजाने 'राजमहेंद्रीचं रत्नम' वगैरे लिहू नका. 'नाव नसलेलं भारतीय घडणीचं' हे पुरे. विकण्याआधी बॅरलमध्ये पाणी भरून, आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावून, बारा तास निब खाली करून ठेवा. व्हॅसलीन नको. पेट्रोलियमचं काहीही रबराच्या वस्तूला लावायचं नसतं.

पार्सलवाला

पॅकिंग. इथे बहुतेक लोक पेनाची जुनी पेटी, त्यावर बबल रॅप आणि कुरियरची पिशवी एवढ्यावर भागवतात. पेटी दबते आणि क्लिप टोपणात रुतते.

इलेक्ट्रिकच्या दुकानातून २५ मिमीचा पीव्हीसी कंड्युट पाइप आणा. ५१ ची लांबी टोपणासकट पावणेचौदा सेंटिमीटरच्या आसपास, त्याला १८ सेंटिमीटरचा तुकडा. कापलेल्या कडा घासून घ्या. पेन रिकामं, धुतलेलं, पूर्ण कोरडं. थेंबभर शाई राहिली तरी विमानात दाब कमी झाला की टोपणात उतरते. पेन पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग बबल रॅपचा दीड वेढा. टेप फक्त बबल रॅपला, पेनाला कधीच नाही. रबर बँडही नाही, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. दोन्ही टोकांना कापूस ठासून टेप. पाइप हलवून बघा, आवाज आला तर कापूस कमी आहे. मग पाइप पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्यात, चारही बाजूंना कागदाचे बोळे.

शाईची बाटली सोबत पाठवू नका. द्रव पदार्थ म्हणून पार्सल अडकतं आणि फुटली तर पेनही जातं. वर 'फाउंटन पेन, वापरलेलं' लिहा, 'गोल्ड' हा शब्द नको. शनिवारी पाठवू नका, रविवारभर गोदामात पडून राहतं. मे महिन्यात तर अजिबातच नको, तापलेल्या गाडीत लाख मऊ होते.

निळीशाई

विक्रेत्याची उत्तरं आली. नळीवर अक्षरं आहेत, स्पष्ट वाचता येतात. खिडकीपाशी काढलेल्या फोटोत रंग बर्गंडीच दिसतोय, "मलाही प्लम म्हणूनच विकलं होतं" म्हणाला. तीन दिवसांची अट मान्य केली. पण पाण्याच्या व्हिडिओत आठव्या दाबापर्यंत बुडबुडे येत राहिले. आता?

बोरूबहाद्दर

बुडबुडे थांबत नाहीत म्हणजे पट्टी सोडल्यावर पाण्याऐवजी कुठून तरी हवा आत जातेय. वाटा तीनच. निब पुरेशी बुडालेली नाही, पिशवीला किंवा तिच्या गळ्याला भोक आहे, किंवा हूडमागचा आट्यांचा जोड सैल आहे. हवेची नळी मोडली असती तर उलट बुडबुडे लवकर थांबले असते आणि पेन अर्धंच भरलं असतं. म्हणजे ती शंका सोडा.

त्याला म्हणा, हूड आणखी खोल, क्लचच्या कड्यापर्यंत बुडवून परत व्हिडिओ काढ. आता थांबले तर पहिल्यांदा निबच वर होती, किंवा जोडातून हवा शिरत होती. नाही थांबले तर पिशवी. तरी जोड तपासायचाच: पाणी भरून बाहेरून कोरडं पुसायचं, कड्याभोवती आणि आतल्या नळीभोवती वेगवेगळा टिश्यू गुंडाळायचा, निब खाली करून दोन तास. कड्याचा टिश्यू ओला झाला तर नुसतं हूडचं सील, ते काम सोपं: जुनी लाख खरवडून नव्या लाखेचा पातळ हात आट्यांवर. हार्डवेअरच्या दुकानात चपडा (पापुद्र्यांच्या रूपातली लाख) मिळतो. फेविक्विक नको, पुढच्या वेळी हूड फोडूनच काढावं लागेल. नळीचा टिश्यू ओला झाला तर पिशवी बदलायला लागेल. नळी ओढून काढताना पिशवीचा गळा तुटतो, ते काम घरी करायचं नाही.

तिजोरीचं वजन करायचा छोटा काटा त्याच्याकडे असेल तर अजून एक करता येईल. रिकाम्या आणि पाणी भरलेल्या पेनाच्या वजनात पाऊण ते एक ग्रॅम फरक हवा.

शाईचा_डाग

'तिजोरीचं वजन'? सोनाराचा काटा म्हणायचंय बहुतेक. :)

भाव: प्लमचे पैसे आधीच गेले. ६००० म्हणा, ते पाण्याची चाचणी पास झाली तर. हूडचं सील निघालं तर ५२००. पिशवी गेली असेल तर मी ३५०० च्या वर जाणार नाही, तेही टोपणाला पोचा नसेल तरच. टोपणाचा फिरता व्हिडिओ अजून आलेला दिसत नाही.

बोरूबहाद्दर

हो, सोनाराचा. टंकनाची घाई.